चोख कागद

“तुमचे कागद चोख होते म्हणून वाचलो, नोबुए-सान,” मालक म्हणाले आणि खुर्चीतून अर्धवट उठून त्यांनी हॉस्पिटलातल्या आईच्या पलंगापुढे मान झुकवली.

आई उशांना टेकून बसली होती. गेले दोन आठवडे तिला पातळ पेजेशिवाय काही जात नव्हते. मालकांनी आणलेल्या संत्र्यांची पिशवी तिच्या पायांशी पडली होती आणि तिचे वजन तिला सोसत नसावे, म्हणून मी ती हळूच उचलून खिडकीत ठेवली.

“कसले कागद?” आईने विचारले.

“अहो, इसोझाकीचे! त्याच्या बायकोने श्रम कचेरीत अर्ज केलाय. नवरा जादा कामाने मेला म्हणून. आता, माणूस गेला ते वाईटच झालं, मी काय दगड आहे का? पण आपल्या सल्लागारांनी एकेक कागद काढून समोर ठेवला. हजेरीची कार्डं बघा म्हणाले, एक दिवस सातच्या पुढे नाही. आणि जादा तासांच्या करारावर कामगारांचा प्रतिनिधी कोण? खुद्द इसोझाकी! ज्याने स्वतः शिक्का मारून होकार दिला, त्याची बायको आता काय बोलणार?”

“तिला दाखवला तो करार?”

“दाखवला ना, गेल्या आठवड्यात. गप्पच झाली बिचारी. नुसती त्या शिक्क्याकडे बघत बसली.”

आईने डोळे मिटले. मालकांना वाटले, ती दमली. ते उठले. कोट चढवताना म्हणाले, “लवकर बऱ्या व्हा हो. तुमच्या जागी आलेली पोरगी कॉफी झकास करते, पण एक फाइल सापडेल तर शपथ.” ते हसले. आईही सवयीने हसली. कुरामोची मालक वाईट माणूस नव्हते. आईच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिने त्यांनी तिची खुर्ची कुणाला दिली नव्हती.

त्यांची पावले लिफ्टपर्यंत गेल्यावर आई म्हणाली, “दार लावून घे, काना.”

मी दार लावले.

“तो शिक्का मी मारलाय.”

“कुठला?”

“इसोझाकीचा. आपण प्रतिनिधी आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं गं.”

आईने सव्वीस वर्षे त्या ओतकामाच्या कारखान्यात, कावागुची शहरात, ऑफिस सांभाळले. छत्तीस माणसे, दोन भट्ट्या, पंपांची लोखंडी कवचे. मालक भट्टी आणि गिऱ्हाइके बघत आणि कायदा आई बघे. श्रमकायद्याचे जाड पुस्तक ती दर वर्षी नवे मागवायची आणि बदललेल्या कलमांवर रंगीत चिठ्ठ्या लावायची. कामाच्या नियमांचा तक्ता कुठे टांगायचा, भट्टीवाल्यांची छाती वर्षातून किती वेळा तपासायची, कुणाची सुट्टी बुडता कामा नये, हे सगळे तिला तोंडपाठ होते. श्रम कचेरीची व्याख्याने असली की ती पहिल्या रांगेत बसायची. सव्वीस वर्षांत तपासणीला एकदाही बोट ठेवायला जागा मिळाली नाही, असे ती मला सांगायची. त्यात अभिमान असे. वडील लवकर गेले. मी त्या अभिमानावर वाढले.

कामगारांना वेळेनंतर थांबवायचे तर मालकाने आधी त्यांच्या प्रतिनिधीशी करार करायचा, असा कायदा आहे. तो प्रतिनिधी कामगारांनी आपला आपण निवडायचा आणि त्याने करारावर सहीच्या जागी आपल्या आडनावाचा शिक्का मारायचा. सुरुवातीची काही वर्षे आई मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत खरोखरच कागद घेऊन आत जायची आणि हात वर करायला सांगायची. त्या दिवशी, पलंगावर, तिने मला तो प्रसंग आवाज बदलून करून दाखवला.

“मी म्हणायची, ‘बोला, कुणाला निवडताय?’ तर म्हणायचे, ‘तुम्हालाच, नोबुए-सान. आमच्यात दिसायला तुम्हीच बऱ्या.’ मी म्हटलं, ‘मी ऑफिसातली, मी चालत नाही.’ तर इसोझाकी म्हणतो, ‘मग भट्टीला निवडा. तिच्याइतकी कामावर कोण असतं?’”

ती हसली आणि हसण्याने तिला कळ आली. कळ जाईपर्यंत मी तिचा हात धरून थांबले.

“मग शिक्के कसे आले?” मी विचारले.

“त्यांचे हात काळे. वाळू, काजळी. एका वर्षी शिक्क्याभोवती अंगठा उमटला म्हणून कचेरीने कागद परत पाठवला. मला इतकं लागलं ते! मग मी स्टेशनरीच्या दुकानातून सगळ्यांच्या आडनावांचे शिक्के घेऊन आले. बिस्किटांच्या डब्यात ठेवले. ते म्हणाले, ‘बरं झालं, तुम्हीच मारत जा.’ पुढच्या वर्षी मी आत गेलेच नाही.”

“आणि नावं?”

“पाळीपाळीने घालायची. सगळ्यांना समान, कुणाला वाटायला नको.” ती छताकडे पाहत होती. “ह्या एप्रिलला इसोझाकीची पाळी होती.”

मी विचारणार नव्हते, पण विचारले. “आणि कार्डं?”

“कार्डं मालकांनी सांगितली. करारात पाच ते सात, दोनच तास. म्हणून मी सातला सगळ्यांची कार्डं यंत्रात घालून काढायची. एकेक, छत्तीस. मग ऑफिस बंद करून तुझ्यासाठी घरी यायची.” मग ती म्हणाली, “सात वाजता कायदा घरी जायचा, काना. माणसं तिथंच राहायची.”

सप्टेंबरमध्ये एका सकाळी इसोझाकी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला तो बसलाच. एका पायात बूट होता, दुसरा हातात. एकोणपन्नास वर्षांचा होता. आई तेव्हा हॉस्पिटलात होती. तिला ते महिनाभराने कळले.

“कचेरीत फोन लाव,” आई म्हणाली.

“आई, तू आत्ता—”

“त्याच्या बायकोला वाटत असेल नवऱ्याने आपणहून होकार दिला. कारखान्यात मान डोलावली आणि घरी येऊन एक शब्द बोलला नाही. अर्ज तर बुडेलच तिचा. पण हे घेऊन ती जन्मभर बसेल. फोन लाव.”

तो सोमवार होता. तपासनीस मानाबे म्हणून होती, आवाजावरून तिशीच्या आतली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुरुवारी एक वाजता येते. फक्त त्या सावध असायला हव्यात. मी जे विचारीन त्याची उत्तरं त्यांनी स्वतः द्यायला हवीत.”

आईने ‘सावध’ हा शब्द मनावर घेतला. डॉक्टरांनी वेदनेचे औषध त्याच आठवड्यात वाढवले होते आणि त्याने तिला गुंगी यायची. गुरुवारी सकाळपासून औषध घ्यायचे नाही, असे तिने ठरवून टाकले. “औषधात बोललेलं कोण धरतंय? तिच्या जागी मी असते तर मीच धरलं नसतं.”

बुधवारी दुपारी तिने मला तपासनीस व्हायला लावले. मी शिकवते त्या शाळेतून रजा काढली होती. खुर्ची सरळ करून बसले.

“नाव?”

“कियोहारा नोबुए.”

“वय?”

“एकसष्ट. भरभर विचार.”

“करारावरचा इसोझाकींचा शिक्का कुणी मारला?”

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

इथे ती थांबली. मला वाटले, झोप लागली. “कुणाच्याच नाही,” ती म्हणाली. “हे नीट लिहायचं. कार्डांचं मालकांनी सांगितलं. शिक्क्यांचं माझं मी. कागद परत येऊ नये म्हणून.”

“असं सांगितलंस तर तुझ्यावर येईल सगळं.”

“माझ्यावर काय यायचं राहिलंय आता?”

मग तिने सगळे पुन्हा विचारायला लावले. चार वेळा. चौथ्या वेळी तारखा चुकायला लागल्या, तेव्हा ती स्वतःवरच चिडली.

गुरुवारी सकाळी सातला नर्स औषध घेऊन आली. आईने मान हलवली. नऊला नर्स पुन्हा आली. आईने पुन्हा मान हलवली. तिने मला केस विंचरायला सांगितले, बरा सदरा घालायला सांगितले. दहापर्यंत ती माझ्याशी बोलत होती. नंतर बोलणे थांबले.

त्या दोन तासांबद्दल मी जास्त लिहिणार नाही. टॉवेलाची घडी तिने दातांत धरली होती. कपाळावरून घाम उशीत जात होता. मधेच ती टॉवेल काढून विचारायची, “किती वाजले?” मी सांगायची, अकरा. मग खूप वेळ गेल्यासारखा वाटायचा आणि ती पुन्हा विचारायची, आणि मी घड्याळ बघायची, तर अकरा वाजून सहा मिनिटे झालेली असायची. एकदा मी खोटेच साडेअकरा सांगितले. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. आयुष्यभर वेळेचे कागद पाहिलेली बाई होती ती.

पावणेबाराला तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी याआधी कुठल्याही माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीने पडदा ओढून घेतला. नर्स धावत आली.

“थोडं देते,” ती मला म्हणाली. “अगदी थोडं. पण झोप लागणार नाही असं मी नाही सांगू शकत. तुम्ही सांगा, देऊ?”

आईचे डोळे मिटलेले होते. मी तिला विचारायला हवे होते. वाकून, कानाशी तोंड नेऊन, जसे बुधवारी चार वेळा विचारले तसे.

“द्या,” मी म्हणाले.

मानाबे एकला दहा मिनिटे कमी असताना आली. काळी बॅग, साधे बूट, आवाज न करता चालणारी. आई गाढ झोपली होती आणि चेहरा मोकळा झाला होता. मानाबे खुर्ची ओढून बसली. दीड वाजला, दोन वाजले. तिने एकदाही घड्याळ पाहिले नाही, याचे मला तेव्हा बरे वाटले आणि नंतर वाईट वाटले.

अडीचच्या सुमारास आईने डोळे उघडले.

“कियोहारा-सान,” मानाबे पुढे झुकून म्हणाली, “मी श्रम कचेरीतून आलेय. तुम्हाला काही सांगायचं होतं.”

आईने तिच्याकडे पाहिले, अगदी ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे. “कार्डं आण,” ती म्हणाली. “सात वाजले. अंगठा लावू नका रे. अंगठा नको.” आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

मानाबेने पेनाला टोपण लावले.

“लिहा ना,” मी म्हणाले. “हेच सांगायचं होतं तिला. तुम्हाला कळलं ना?”

“मला कळलं. पण हे उद्या कुणीही खोडून काढेल, आणि मग त्यांचं पुढचं बोलणंही कुणी मानणार नाही. मी सोमवारी येते. सकाळी लवकर.” दारापाशी ती वळली. “औषध कधी दिलं?”

“बाराच्या आधी.”

तिने मान डोलावली आणि ती गेली.

अंधार पडताना आई जागी झाली. आवाज खोल गेला होता, पण ती होती, पूर्ण होती.

“आली होती?”

“हो.”

“मी काय म्हणाले?”

मी तिचा हात हातात घेतला. “सगळं सांगितलंस. शिक्का, पाळी, कार्डं. मालकांचं वेगळं, तुझं वेगळं. तू सांगितलंस तसंच लिहिलं तिने.”

“सही?”

“केलीस.”

“वाकडी आली असेल.”

“थोडी.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि मला वाटते मालक येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच तिने अंग सैल सोडले.

शनिवारी सकाळी ती गेली. सोमवारी मानाबेचा फोन आला तेव्हा मी स्मशानगृहात अस्थी गोळा करत होते. नंतर तिला फोन करून मी सांगितले, आता यायला नको.

मालक रात्रीच्या जागरणाला आणि अंत्यविधीला, दोन्ही दिवस आले. धूप लावल्यावर ते बराच वेळ वाकून राहिले. त्यांचे खांदे हलत होते आणि ते नाटक नव्हते. निघताना मी त्यांना बाहेर गाठले आणि सांगितले की आईला जे सांगायचे होते ते मी कचेरीत सांगणार आहे.

त्यांनी बोटातली सिगारेट पेटवलीच नाही. “तुझ्या आईचं नाव येईल त्यात. सव्वीस वर्षांत डाग नाही गं तिच्या नावावर.”

“येऊ दे.”

“पस्तीस माणसं आहेत माझ्याकडे. भट्टी विझली तर ती कुठं जातील? ह्या वयात?”

मी म्हणाले, “छत्तीस होती.” ते गाडीकडे गेले.

नवव्या दिवशी मी इसोझाकींच्या घरी गेले. नदीकडची जुनी इमारत, तिसरा मजला. दार साखळीपुरते उघडले.

“कोण?”

“कियोहारा. कारखान्याच्या ऑफिसात नोबुए-सान होत्या, त्यांची मुलगी.”

“फळं आणली असतील तर परत न्या. घरात खायला कुणी नाही.”

“फळं नाही आणली.”

साखळी निघाली. इसोझाकींची बायको, चिझुरू-सान, माझ्याहून थोड्याच मोठ्या असाव्यात. कपाटावर नवऱ्याचा फोटो होता, त्यापुढे चहाचा पेला. त्यांनी मला बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच सांगितले, की करारावरचा शिक्का माझ्या आईने मारला होता आणि इसोझाकी-सानना त्या कागदाची कल्पनाही नव्हती.

“कोण म्हणतं?”

“आई म्हणाली.”

“मग तिला आणा.”

“ती गेली. शनिवारी... आज नऊ दिवस झाले.”

“बरं जमतं तुम्हाला सगळ्यांना जायला,” त्या म्हणाल्या. मग फोटोकडे वळून, जसे कुणी दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलते तसे, “ऐकलंत? तीन आठवडे झाले ह्यांच्याशी भांडतेय मी. रोज चहा ठेवते आणि भांडते. एवढा मोठा प्रतिनिधी झालात आणि बायकोला सांगितलं नाहीत. शिक्का मारताना घर आठवलं नाही का म्हणून.” त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही आज येताय!”

“हो.”

“हे मला सांगून काय उपयोग? मी काय कचेरी आहे?” त्यांनी खुंटीवरचा कोट ओढला. “चला. पाचला बंद होते ती.”

आम्ही चालत गेलो. त्या पुढे, मी मागे. रस्ता ओलांडताना, दिवा हिरवा झाल्यावर, मी येतेय का हे त्यांनी मागे वळून पाहिले.

कचेरीत मानाबेने मला एका कोपऱ्यात नेले. तिथे टेबलाभोवती माणसाच्या उंचीच्या फळ्या लावून खोली केली होती. “जबाब एकेकट्याचा घ्यायचा असतो,” ती चिझुरू-सानना म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा.” त्या फळीला लागून असलेल्या बाकावर बसल्या. त्यांच्या कोटाचा घासलेला आवाज मला आत ऐकू आला.

मी सांगत गेले, मानाबे लिहीत गेली. हात वर करून निवड, भट्टीची थट्टा, अंगठा उमटलेला कागद, पाळीपाळीने घातलेली नावे, सातची कार्डे. काय मालकांनी सांगितले आणि काय आईने आपले आपण केले.

“हे तुम्ही ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही,” मानाबे म्हणाली. “याचं किती वजन होईल मी सांगू शकत नाही. पण यामुळे मला बाकीच्या पस्तीस जणांना एकेक करून विचारता येईल, तुमच्या पाळीला शिक्का तुम्ही मारला होता का म्हणून. कुणीतरी खरं बोलेल.” तिने पान उलटले. “आणखी एक. गुरुवारी त्यांचा जबाब का घेता आला नाही, तेही लिहावं लागतं. मला माहीत आहे. पण ते तुमच्या तोंडून हवं.”

“तिला औषध दिलं होतं.”

“कुणी सांगितलं द्यायला?”

“मी.”

“त्यांना विचारलं होतं?”

बाहेर कुठेतरी फोन वाजला आणि थांबला.

“नाही,” मी म्हणाले. “तिला नको होतं. मी विचारलं नाही.”

मानाबेने तेही लिहिले, माझ्या शब्दांत, काही न गाळता. मग तिने सगळी पाने सारखी केली. “आता मी पूर्ण वाचून दाखवते. काही चुकलं असेल तर मधेच थांबवा. त्यानंतर सही.”

ती एकसुरी आवाजात वाचू लागली. आईचे नाव, वय, नोकरीची वर्षे. त्या आवाजात आई कुणी दुसरीच बाई वाटत होती, आणि तरी तिचे एकही वाक्य बदललेले नव्हते. मी मान डोलवत होते. तिसऱ्या पानावर मानाबे म्हणाली, “सदर करारावरील शिक्का इसोझाकी यांनी मारलेला नाही. त्यांना त्या कराराची माहिती नव्हती. त्यांनी होकार दिलेला नव्हता.”

“ते पुन्हा वाचा,” फळीपलीकडून आवाज आला.

मानाबे थांबली. तिने माझ्याकडे पाहिले. नियमाने तिने काय करायला हवे होते, मला ठाऊक नाही. आईला ठाऊक असते.

तिने पान जरा वर धरले, तोंड फळीकडे केले आणि मघापेक्षा थोड्या मोठ्या आवाजात, सावकाश, पुन्हा वाचले.